दार ओढून घेतलेला वर्ग

उद्यमबागच्या थांब्यावर बस थांबली, इंजिनाची घरघर क्षणभर खाली बसली आणि त्या मोकळ्या झालेल्या शांततेत सुविधाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. “परत सांग बाळा, परत एकदा.” तिचे ओठ मिटलेले होते. आवाज पुढच्या बाकावरच्या बाईच्या हातातल्या मोबाइलमधून आला होता. पाठोपाठ एका लहान मुलीचा, थोडा नाकातला, घाईघाईचा आवाज आला. “आमची आज्जी कन्नड मालिका बघती आणि मराठीत रडती.” मग वर्गाचं हसणं, आणि त्या हसण्याच्या वर तरंगणारं आणखी एक हसणं, मोठ्या बाईमाणसाचं, अगदी मोकळं. आपण इतकं मोकळं हसतो हे सुविधाला ठाऊक नव्हतं. हसताना माणूस स्वतःला ऐकत नसतो; ते ऐकायला एखादा परका बाक लागतो, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “बघ गं, कसं बोलतीया. लई ग्वाड हाय पोरगी,” पुढची बाई शेजारणीला म्हणाली. “कुठली म्हणं?” “आपल्याच बाजूची असंल. बोलण्यावरनं कळतंय की.” त्या दोघींच्या मांडीवर कुठल्याशा बारशाला न्यायच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही वाईट नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं. सुविधा उठून उभी राहिली असती, काहीतरी बोलली असती. उलट पुढची बाईच मागे वळली, आपला आनंद आणखी एकीला द्यावा तशी. “तुमी बघितलासा का हो ह्यो?” “व्हय,” सुविधा म्हणाली, “बघितलाय.” “त्या बाईंचं नशीब चांगलं. असली पोरं मिळायला लागत्यात.” बस हलली. ओतकाम करणाऱ्या कारखान्यांचा जळक्या मातीचा वास रविवार असूनही खिडकीतून आत आला आणि सुविधाने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू आत कुणी बोलू लागेल.

ती पिरनवाडीलाच निघाली होती, त्या मुलीच्या घरी. आरोही तिच्या चौथीच्या वर्गातली. गुरुवारपासून शाळेत आली नव्हती. पोटात दुखतंय, असं आईनं कळवलं होतं. पण तिचा बाप, विक्रम, तिचं नाव काढून दुसऱ्या शाळेत घालणार आहे असं वर्गातली मुलं एकमेकांत बोलत होती, आणि मुलांच्या बातम्या सहसा खोट्या नसतात. सुविधाला भीती नाव काढण्याची नव्हती. किंवा तेवढीच नव्हती. त्याआधीच्या तीन दिवसांत आरोही वर्गात होती तेव्हाचं तिचं गप्प राहणं सुविधाच्या मनातून जात नव्हतं. प्रश्न विचारला की ती मान हलवायची. होय किंवा नाही, एवढ्यापुरतीच. आणि मान हलवण्याआधी ती सुविधाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे, हातांकडे पाहत असे. हातात मोबाइल आहे का, हे आधी बघून घेत असे. ती नजर पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा सुविधाने हातातला खडूसुद्धा टेबलावर ठेवून दिला होता.

तसं पाहिलं तर काहीच विपरीत घडलं नव्हतं. शनिवार दप्तराविना भरतो. त्या दिवशी मुलांकडून काहीतरी करवून घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत त्याचे फोटो, जमल्यास एखादा व्हिडिओ, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा. तिथून तो वरच्या ग्रुपवर जातो, तिथून आणखी वर. ‘माझं घर’ या विषयावर प्रत्येकानं पाच वाक्यं बोलायची होती. बहुतेकांच्या घराला दोन खिडक्या होत्या आणि दारात एक झाड होतं, कारण पहिल्याच्या घराला तसं होतं. आरोही उभी राहिली आणि तिने झाड लावलं नाही. तिने आज्जीविषयीचं ते वाक्य म्हटलं, आणि सुविधाचा हात आपोआप मोबाइलकडे गेला. ‘परत सांग बाळा.’ ते वाक्य खरं होतं. डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या जिभेने जुळवून तयार केलेलं. असं वाक्य वर्षातून एखादं येतं आणि ज्या वर्षी येतं त्या वर्षीचा पगार अंगी लागल्यासारखा वाटतो. तिने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि हाताला सवय पडलेली म्हणून स्वतःच्या स्टेटसलाही ठेवला. सगळेच ठेवतात. सकाळी सुविचार, दुपारी उपक्रम, निवृत्तीच्या दिवशी हार घातलेले सर. निपाणीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तिचा धाकटा भाऊ बुद्धप्रिय याने तो उतरवून घेतला आणि सीमाभागातल्या गमतीजमतींच्या आपल्या पानावर चढवला. वर लिहिलं, ‘आमच्या आक्काचा वर्ग’. त्याच्या मनातही दुसरं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीपासून त्या वाक्याखाली माणसं भांडू लागली. एकाला त्यात मराठी बुडताना दिसली, दुसऱ्याला इथे राहून अजून मराठीत रडणाऱ्यांचा राग आला, तिसऱ्याने शाळेचं नाव शोधून काढलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या वाक्याचे दोन्ही हात धरून दोन बाजूंनी लोक ओढत होते आणि वाक्य बिचारं आपल्या आज्जीकडे बघत मधेच उभं होतं. “आक्का, काढलं गं मी,” फोनवर बुद्धप्रिय म्हणाला होता. “पण लोकांनी उतरवून घेतलंय त्याला मी काय करू? आणि वाईट काय हाय त्यात? लोक कौतुक करालेत की.” तिला त्याच्यावर ओरडता आलं नाही. तो फक्त दुसरी पायरी चढला होता; पहिली तिचीच होती.

मुख्याध्यापक आण्णाप्पा सरांनी सोमवारी तिला ऑफिसात बोलावलं तेव्हा ती उत्तरं जुळवून गेली होती. त्यांनी काही विचारण्याआधीच टेबलावरचा फोन वाजला. वरच्या साहेबांचा होता. स्पीकर चालू नसतानाही त्यांचा चढा आवाज खोलीत पसरत होता. आण्णाप्पा सर खुर्चीतून उठले, उठूनच बोलले. “तप्पु नन्दरी, सर. नाने हेळिद्दे.” चूक माझी, मीच सांगितलं होतं. सुविधा चमकली. सरांनी कुणालाही स्टेटस ठेवायला सांगितलं नव्हतं. बराच वेळ ते नुसतं ‘हौद्री, हौद्री’, होय साहेब, होय साहेब, म्हणत राहिले, मग फोन ठेवून खाली बसले, चष्मा पुसला. “बसा बाई. व्हिडिओ करा म्हणून मागं लागतो मीच. खोटं काय बोललो?” ती काही बोलणार एवढ्यात ते म्हणाले, “माझी दोन वर्षं राहिलीत. माझ्या वाटणीची बोलणी खाऊन संपवायला नकोत?” आणि स्वतःच हसले. नंतर बरंच काही ठरलं. मुलांचे चेहरे कुठल्याही ग्रुपवर जाणार नाहीत. हात, पाटी, फळा, चित्र, एवढंच. शिक्षकांच्या स्टेटसवर शाळा नको. तास सुरू असताना फोन सरांच्या कपाटात. हे सगळं त्यांनी बैठकीत कुणाचंही नाव न घेता सांगितलं, आणि सगळ्यांनी सुविधाकडे न बघण्याची काळजी घेतली. त्या न बघण्याबद्दल तिला इतकं भरून आलं की बैठक संपल्यावर ती उगाच पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धूत राहिली.

काल, पुढच्या शनिवारी, तिला फोटो पाठवायचा होता. मुलं कागदाची फुलं करत होती. तिने बाहेर येऊन वर्गाचं दार ओढून घेतलं, सरांच्या कपाटातून आणलेला फोन समोर धरला आणि मिटलेल्या दाराचा, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा फोटो काढला. सरांनी तो बघितला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितला. “बाई, आता चपला मोजून हजेरी लावू म्हणता?” पण त्यांनी तोच वर पाठवला, पालकांच्या ग्रुपवरही टाकला, आणि खाली एवढंच लिहिलं, ‘क्लास नडदद.’ तास चालू आहे.

दार ओढून घेणं तिला कुठून सुचलं, हे तिने सरांना सांगितलं नव्हतं. ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बस एका बाजूला कलली, रस्त्याच्या कडेला रविवारच्या बंद शटरांची रांग सुरू झाली, आणि त्या राखाडी पट्ट्यांवरून तिचं मन निपाणीत जाऊन उतरलं. तिथल्या वखारींचा तंबाखूचा वास अंगात भरून राहिलेला असतो. माणूस गाव सोडतो पण शिंक आली की गाव आठवतं. तिची आई, तानीबाई, घरी विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं ओल्या फडक्यात, बोटं सारखी चालू. सुविधा चौथीत होती. माधवीबाईंनी विचारलं होतं, रात्री तुमची आई काय करते? कुणाची आई गोष्ट सांगत होती, कुणाची दूध तापवत होती. सुविधा उभी राहिली आणि म्हणाली, “माझी आई झोपेतपण विड्या वळती.” ते खरं होतं. झोपलेल्या आईची बोटं गोधडीवर हलत राहायची; एक पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. वर्ग हसला. बाजूच्या वर्गातली दोन मोठी पोरं व्हरांड्यात होती, तीही डोकावून हसली आणि त्यातला एक झोपेत विड्या वळून दाखवू लागला. माधवीबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, दारापर्यंत गेल्या, दार ओढून घेतलं, कडी घातली नाही, नुसतं ओढून घेतलं, आणि परत येऊन म्हणाल्या, “आता सांग. आम्ही ऐकतोय.” हसू त्या दारातच अडकलं. सुविधाने बोटं हलवून दाखवली. कुणीतरी विचारलं, मग दुखत न्हाईत का बोटं?

त्यांच्या गल्लीने मिटलेली दारं पुष्कळ पाहिली होती. तिची आजी त्या दारांच्या गोष्टी सांगायची. कुठल्या वाड्याचं, कुठल्या देवळाचं, कुठल्या पाणवठ्याच्या खोलीचं. दार मिटलं की आपण बाहेर, हे तिच्या घराण्याच्या हाडात मुरलेलं होतं. आपल्याला आत घेऊन, आपल्या बाजूने ओढून घेतलेलं दार तिने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुढे ते वाक्य कुठेही गेलं नाही. बाजारात माधवीबाई आणि तानीबाई समोरासमोर आल्या, भाजीचे भाव बोलल्या, पोरगी हुशार आहे म्हणाल्या. वाक्य मधे आलं नाही. आपली बोटं झोपेत हलतात हे जगाला ठाऊक झालंय, असं ओझं तानीबाईला कधी वाहावं लागलं नाही. नोकरी लागल्यावर सुविधा पेढे घेऊन माधवीबाईंकडे गेली होती. तेव्हा त्या थकल्या होत्या, पण बोलणं स्वच्छ होतं. सुविधाने त्या दिवसाची आठवण काढली. “असं झालं होतं?” त्या म्हणाल्या. “मला नाही बाई आठवत.” आणि पेढ्याचा तुकडा मोडून तिच्याच हातावर ठेवला. खरंच विसरल्या होत्या, की तिच्यापुढेही ते दार ओढलेलंच ठेवलं होतं, हे तिला आजवर उमगलं नव्हतं. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आज बसमध्ये तिला वाटलं, काही आभार तोंडाने देताच येत नाहीत. ते पुढे कुठल्यातरी वर्गात फेडावे लागतात. आणि ज्या वर्गात फेडायचे होते, ज्या मुलीच्या वाक्यात तिला आपलीच ती बोटं दिसली होती, नेमक्या त्याच वेळी तिने दार सताड उघडलं होतं. तेही प्रेमापोटी.

पिरनवाडीच्या थांब्यावर उतरताना पुढची बाई तिला म्हणाली, “जपून उतरा हं.” सुविधाने मान हलवली. होय, एवढ्यापुरतीच.

घर नवं होतं. खालचा मजला राहता, वरचा अजून विटांचा. आरोहीच्या आईने, नीलमने, दार उघडलं आणि चटई अंथरली. विक्रम गावाकडे शेतावर गेला होता. पुढच्या खोलीत, सोप्यात, आज्जी, मालुबाई, पुढ्यात सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर टॉवेल टाकलेला होता. आतल्या दाराच्या फटीतून एक पाय, तेवढाच दिसत होता.

“या बाई. पोरीला शाळंत धाडलं न्हाय म्हणून आलासा न्हवं?”

“नाही आजी. माझी चूक झाली, ते सांगायला आले. तिचा व्हिडिओ मी काढायला नको होता. काढला तर बाहेर जाऊ द्यायला नको होता.”

मालुबाईने दोन शेंगा फोडल्या. “पोरगं बोललं, तुमी हसलासा. मी बी हसली की पयल्यांदा बघून. इक्रमनं दावला तवा.” मग हात थांबले. “पर एक सांगा मला. त्या मालिकेतलं मला काय कळतंय असं वाटतंय व्हय तुमास्नी?”

सुविधाने टीव्हीवरच्या टॉवेलकडे पाहिलं.

“मी खानापूरकडच्या रानातली. बाजारात ‘एष्टु’ म्हंजे कितीला आणि ‘बेडा’ म्हंजे नको, एवढंच माझं कन्नड. त्या बायका टीव्हीत भडाभडा बोलत्यात, मला निम्मं बी उमजत न्हाय. पर टीव्हीफुडं बसून रडलं की कुणी इचारत न्हाय, का रडालीस म्हणून. म्हातारी मालिका बघून रडती म्हणत्यात आणि आपापल्या कामाला लागत्यात.” तिने आवाज खाली घेतला. “माझा थोरला पोरगा ज्योतिबा वारला तवापासनं माझं असंच चाललंय. घरात नाव काढलं की इक्रम जेवत न्हाय. मग कुठं रडायचं? आता समदी इचारत्यात. मंगल, माझी लेक, फोन करून इचारती, आई गं, कशापायी रडतीस. दुकानवाला इचारतो. म्हणून लावायचंच सोडलं.” ती टॉवेलकडे बघून म्हणाली, “आणि ही पोरगी. माझ्यामुळं आज्जीनं टीव्ही बंद केला म्हणती आणि बोलायचीच बंद झालीया. इक्रम म्हणतोय, दुसऱ्या शाळंत घालू. तिथं काय ती बोलंल?”

इतके दिवस सुविधा एका मुलीच्या वाक्याची चूक निस्तरत होती. त्या वाक्याच्या मागे एका म्हातारीने आपल्यापुरतं ओढून घेतलेलं दार होतं, हे तिला कुठे ठाऊक होतं. आरोहीलाही नव्हतं. क्षमा मागून हे भरून येणार नव्हतं. क्षमा मागणं म्हणजे पुन्हा आपणच बोलणं. मग तिने जे केलं ते ठरवून केलं नाही. तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली. निपाणीची, सुपाची, गोधडीवर हलणाऱ्या बोटांची, वर्गाची, दाराची. इतक्या वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट, एका शेंगा फोडणाऱ्या बाईला, हळू आवाजात. सांगताना तिचं पुस्तकी मराठी कधी गळून पडलं ते तिला कळलं नाही.

मालुबाईने हातातली शेंग सुपात टाकली. “आई हाय तुमची?”

“हाय. निपाणीत.”

“आता तर वळत नसंल विड्या.”

“न्हाय. कवाच सोडल्या.”

“मग हात थांबलं?”

“न्हाय,” सुविधा म्हणाली. “झोपली की अजून हलत्यात.”

मालुबाईने मान डोलावली, जणू हिशेब नव्हे तर ओळख पटली. “आपल्या दोघींतच र्‍हाऊ दे हे,” ती म्हणाली, “माझं बी आणि तुमच्या आईचं बी.” आणि सुपातल्या मूठभर शेंगा सुविधाच्या ओंजळीत घातल्या. सुविधाने त्या एका मुठीत धरून दुसऱ्या हाताने पर्समधून मोबाइल काढला, बंद केला, आणि बाहेर जाऊन आपल्या चपलांशेजारच्या कोनाड्यात ठेवून आली. परतली तेव्हा आतलं दार अर्धं उघडलं होतं. आरोही चौकटीला टेकून उभी होती. तिने आधी सुविधाच्या हातांकडे पाहिलं. हातांत शेंगा होत्या.

“बाई, त्या फोटूत माझ्या चपला न्हवत्या,” ती म्हणाली.

“नव्हत्या खऱ्या. मला दिसलं ते.”

“निळ्या हायत माझ्या. शनवारी मी कडेला ठेवती, म्हंजे दिसतील.”

“कडेला ठेव,” सुविधा म्हणाली.

“आणि उद्यापासनं काय अनवाणी जाणार व्हय गं?” मालुबाई म्हणाली. “बापाला तुझ्या मी सांगती. जा, तो टावेल काढ. आज सगळं भाग एकदम दावत्यात.”

आरोहीने टॉवेल काढला, टीव्ही लावला आणि मग कुणी न सांगता सोप्याचं पुढचं दार ओढून घेतलं. बाहेरची ऊन पडलेली गल्ली एका फटीएवढी झाली. पडद्यावर दोन बायका जरतारी साड्यांत भांडू लागल्या. मालुबाई सूप बाजूला सारून त्यांच्यासमोर बसली आणि थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांना पाणी आलं. नीलमने चहा आणून ठेवला, सासूकडे पाहिलं, आणि काही न विचारता आत गेली. कुणीच विचारलं नाही. शेंगांच्या फोलपटांचा मातकट वास, चहा, टीव्हीतलं भडाभडा कन्नड, आणि मधे ते साधं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं रडणं. सुविधाला वाटलं, इतक्या चांगल्या ठिकाणी आपल्याला बसू दिलं आहे. हे आपण कमावलेलं नाही. आरोही सरकत सरकत तिच्याजवळ आली, गुडघ्यावर उभी राहिली, तिच्या कानाशी तळहाताचा आडोसा केला आणि आज्जीकडे बघत एक वाक्य म्हणाली.

पाच-सहा शब्दांचं असेल. सुविधाने डोळे मिटून घेतले. मग मान हलवली, आणि आरोही समाधानाने शेंगा खाऊ लागली.

परतीच्या थांब्यावर तिने मोबाइल चालू केला तेव्हा बुद्धप्रियचा फोन आलाच. “आक्का, गेलतीस न्हवं? रागावली का म्हातारी?”

“न्हाय रं. उद्या येती पोरगी शाळेत.”

“बरं झालं बघ. माझ्या जिवाला लई लागलं होतं. बोलली का पण? काय म्हणाली?”

खानापूरच्या बाजूने बस येताना दिसत होती. धुळीत तिचे दिवे अजून लागलेले नव्हते. वाक्य सुविधाच्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर बुद्धप्रिय हसला असता, प्रेमाने हसला असता, आणि ते तिथून पुढे कुठे गेलं असतं ते कुणी सांगावं.

“बस आली,” ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. खिडकीशी जागा मिळाली. पूर्ण रस्ताभर तिने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं, आरोहीच्या नाकातल्या आवाजात, ओठ मिटून. घराजवळ, खासबागेत उतरेपर्यंत ते जसंच्या तसं राहिलं होतं. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं तिथे. तर ती म्हणाली, चहा झाला, शेंगा दिल्या त्यांनी. आणि पर्समधल्या उरलेल्या शेंगा ताटलीत काढून ठेवल्या.